गोविंदवरून झालेलं आपलं भांडण

सत्तारभाई,

तुम्हाला माती देऊन परतताना कब्रस्तानाच्या फाटकाशी कापसाच्या जिनातल्या एका हमालानं मला विचारलं, "मास्तर, आता तुमी भांडसान कोनासंग?" तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखरच काळजी वाटली असावी. घरी आलो, पाय धुतले आणि अंगणातल्या बाजेवर बसून राहिलो. बायको म्हणाली, जेवून घ्या. म्हटलं, भूक नाही. भूक नव्हती हे खरं, पण त्याहून थकवा जास्त होता. तो तसा गेली काही वर्षं आहेच. पण तुम्ही होता तोवर त्याचं कारण सांगता यायचं. हा सत्तारभाई मला दमवतो, असं मी घरी, शाळेत, हॉटेलात सगळीकडे सांगत असे. आता कारण गेलं आणि थकवा तेवढा उरला.

तुमचा चाळिसावा अजून व्हायचा आहे. भाभी आत बसलेल्या असतात. मी दारापर्यंत जातो, "काही लागलं तर सांगा" म्हणतो आणि परत येतो. त्या एकदा आतूनच म्हणाल्या, "मास्तर, बैठा करो ना थोडा." मी बसलो. पण तुमच्या घरी मी कधी न भांडता बसलोच नव्हतो, त्यामुळे काय बोलावं ते सुचेना.

मी दिग्रसला बदलून आलो ते नागपूरला आमच्या लोकांनी धम्म घेतला त्याच्या पुढच्या वर्षी. नगरपालिकेच्या शाळेत सहावीचा वर्ग मिळाला. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की पहिल्या तासाला मागचे बाक रिकामे असतात. ती पोरं दुसऱ्या तासाला येतात, गुडघे खरचटलेले, केस घामानं चिकटलेले, आणि बसल्या जागी पेंगायला लागतात. कुठं होता विचारलं, की एकच उत्तर मिळे: "जिनात गेलतो गुर्जी." मला वाटलं, कोवळ्या पोरांना सरकी वाहायला लावली आहे. रागानं सायकल काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच जिनिंगवर धडकलो. गेटवरच्या माणसानं हातानं मागची बाजू दाखवली. तिथं मोकळ्या मैदानात ही सगळी पोरं पळत होती, आणि मध्ये फिटरचा तेलकट शर्ट घातलेला एक उंच माणूस तोंडात शिट्टी धरून उभा होता.

मी म्हटलं, "ही शाळेची पोरं आहेत."

तुम्ही शिट्टी काढली. "मालूम हाय. माझीबी हायेत."

"शाळा भरली आहे."

"भरू द्या ना. इथंबी भरलीच हाय." आणि मग माझ्याकडे नीट पाहून, "नवे मास्तर हाय वाटते तुमी. बैठो. चहा सांगतो."

चहा नको होता मला. मी तिथल्या तिथं तुम्हाला कायदा सांगितला. नगरपालिकेच्या हद्दीत शिक्षण सक्तीचं आहे, या वयाचं पोरगं शाळेबाहेर ठेवणं गुन्हा आहे. तुम्ही ऐकून घेतलं. मग सांगितलंत, की शेठजींना जिनाची फुटबॉलची टीम उभी करायची आहे, या पोरांची नावं जिनाच्या पटावर आहेत, खेळायचाच त्यांना पगार आहे. मोठी झाली, की नागपूरच्या, मुंबईच्या गिरण्या अशी पोरं कामावर घेतात. काम नावाला, खेळणं खरं. "मास्तर," तुम्ही म्हणालात, "पुस्तक तं मानूस म्हातारपनीबी वाचते. ह्याचे पाय म्हातारपनी पळतीन काय? जे आत्ता होते ते आत्ताच कराव लागते."

मी विचारलं, "आणि पाय मोडला तर?"

"अन् तुमच्या शाळेत डोकं नाही चाललं तं?"

त्या सकाळी आपलं भांडण सुरू झालं ते असं. त्यात पुढं फारसं काही नवं आलं नाही. तुमची बाजू तीच होती, माझीही तीच. फक्त मधलं पोरगं मोठं होत गेलं.

ते पोरगं म्हणजे गोविंद. दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावरचं, राठोडांचं. वडील कोरडवाहू शेती करत, पोराला शिकायला गावात ठेवलं होतं आणि ते राहत होतं जिनाच्या आवारात, तुमच्या खोलीशेजारी. अंगानं काडी. डाव्या पायानं चेंडू असा काही न्यायचा, की मला, ज्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही, त्यालाही उभं राहून बघावंसं वाटे. हे मी तुम्हाला कधी कबूल केलं नाही. आणि गंमत अशी, की गणितातही तो तसाच होता. उदाहरण फळ्यावर लिहून होईपर्यंत त्याचं उत्तर तयार. दुसरं एखादं ढब्बू पोरगं असतं, तर आपण दोघांनी केव्हाच तडजोड केली असती.

मी नोटीस काढायला लावली. कायदा कागदावर होता आणि कागद हेडमास्तरांच्या कपाटात. मी तो बाहेर काढायला लावला. गोविंदचे वडील ती नोटीस पागोट्यात खोचून तांड्यावरून चालत शाळेत आले. घामेघूम झाले होते. वर्गाच्या दारात उभे राहून म्हणाले, "गुर्जी, पोट्ट्यानं कोनाचं काय चोरलं?"

"काही चोरलं नाही हो. तो शाळेत वेळेवर येत नाही."

"मंग त्याच्यात सरकारचं काय गेलं?"

मी त्यांना पुष्कळ समजावलं. ते मान हलवत राहिले. जाताना म्हणाले, "सत्तारभाई म्हनते खेळू द्या, तुमी म्हनता शिकू द्या. मले दोघायचंबी खरं वाटते. तुमीच आपसात ठरवा बाप्पा." नोटीस त्यांनी मला परत दिली. त्यांना वाटलं ती माझी वस्तू आहे.

त्याच संध्याकाळी तुम्ही मला बसस्टँडसमोरच्या हॉटेलात गाठलंत. तुम्ही रागावलेले होता, पण आवाज चढवला नाही. "गरीब मानसाले कायले भेव दाखवता?" म्हणालात. मीही तेव्हा गप्प बसलो नाही. माझे वडील शाळेच्या पडवीत, दाराबाहेर बसून शिकले होते, आतल्या मुलांच्या पाट्या त्यांना लांबून दिसत तेवढ्याच, हे मी तुम्हाला सांगितलं. म्हटलं, आमच्या घरात दार उघडून आत बसणारा पहिला माणूस मी आहे, आणि ज्याला आत बसायला मिळतंय त्यानं उठून बाहेर खेळायला जावं हे मला बघवत नाही.

तुम्ही बशीतला चहा तसाच धरून ठेवला होता. मग म्हणालात, "मास्तर, मीबी बाहेरूनच शिकलो." आणि कामठीच्या छावणीची गोष्ट सांगितलीत. गोरे सोल्जर आत खेळत, तुम्ही पोरं तारेच्या कुंपणाबाहेर उभी. चेंडू बाहेर आला की तो परत द्यायचा, हात लावून नाही, लाथेनं. तेवढ्या एका लाथेसाठी तुम्ही दिवस दिवस तिथं थांबायचात. "ते एक लाथ चांगली बसली पाहिजे ना, म्हनून मी घरी दगडावर मारून पाहाचो," तुम्ही म्हणालात आणि हसलात. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून मी तुम्हाला अहो-जाहो मनापासून करू लागलो. आधी करत होतो ते रीत म्हणून.

मग आपण व्यवस्था केली. पहाटे उजाडायच्या आत तुमचं पळवणं. शाळेच्या घंटेला पोरं हजर. शाळा सुटली की अंधार पडेपर्यंत पुन्हा मैदान. आणि त्यानंतर मी कंदील घेऊन जिनाच्या आवारात यायचं आणि रुईच्या गाठींना टेकून त्यांचा अभ्यास घ्यायचा. हंगामात सरकी काढायचे रेचे चालू असले, की त्या घरघरीत मला ओरडून शिकवावं लागे. अंगावर, पुस्तकांवर, पोरांच्या पापण्यांवर रुईचा भुरका बसे. गावात आपलं कौतुक झालं. शेठजी म्हणाले, असा मास्तर पाहिला नाही. हेडमास्तर म्हणाले, असा कोच पाहिला नाही. आपणही खूश होतो, सत्तारभाई. भांडणारी दोन माणसं एकत्र काही करतात तेव्हा त्यांना फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटतं.

सातवी झाली तशी बाकीची बरीच पोरं गळली. कायदा तिथवरच होता, माझा हातही तिथवरच पोचायचा. कुणी जिनात हमाल झालं, कुणी शेतावर गेलं. जी खेळली ती हंगामापुरती. गोविंद मात्र हायस्कुलात गेला, आणि माझीही बदली तिकडेच झाली. व्यवस्था तशीच पुढं चालू राहिली, वर्षामागून वर्ष, मॅट्रिकपर्यंत. मधे महाराष्ट्र राज्य झालं, गावात मिरवणूक निघाली, त्या दिवशीही संध्याकाळी तुमची प्रॅक्टिस होती आणि त्यानंतर माझी भूमिती.

तो वर्गात उभ्या उभ्या झोपायचा, हे तुम्हाला मी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "तुमी रात्री जागवता म्हनून." मी म्हटलं, "तुम्ही पहाटे उठवता म्हणून." दोघांचंही बरोबर होतं.

पुसदच्या शिल्डची फायनल आठवते? मॅट्रिकच्या वर्षातली. नागपूरच्या एका गिरणीचा माणूस खास गोविंदला बघायला येणार होता. रविवारी मॅच आणि सोमवारी सकाळी शाळेत चाचणी परीक्षा, जिच्यावर मॅट्रिकला बसू द्यायचं की नाही ते ठरणार होतं. आपण दोघांनी मिळून बेत आखला. मॅच खेळायची, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, आल्यावर मी उजळणी घेईन, सकाळी पेपर. बेत ऐकून गोविंद "बरं" म्हणाला. तो नेहमीच बरं म्हणायचा.

रविवारी तो आलाच नाही. रात्री खोलीत नव्हता तेव्हा तुम्हाला वाटलं, अभ्यासाला माझ्याकडे राहिला असेल, परस्पर पुसदला येईल. टीम पुसदला पोचली, पोरं कपडे बदलून तयार झाली, नागपूरचा माणूस खुर्चीवर बसला, आणि गोविंदचा पत्ता नाही. तुम्ही टीम दुसऱ्याच्या हवाली केलीत आणि मिळेल त्या ट्रकनं दिग्रसला आलात ते थेट माझ्या दारात. माझ्या घरी तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवलात.

"पोट्टा कुठं लपवला, मास्तर?"

मला क्षणभर कळेचना. मग मीही उलटून म्हणालो, "मला विचारता? तुम्हीच त्याला नागपूरला पाठवून दिलं असेल. चाचणी बुडवायला."

"मी?"

"मग कोण?"

माझी बायको मधे आली नसती तर काय झालं असतं सांगता येत नाही. ती ओट्यावर येऊन म्हणाली, "तुमच्या दोघायशिवाय त्या पोराले कोनी नाही काय? त्याच्या मायकडं गेला असन."

आपण एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं झाली होती, त्याच्या आईचं घर कसं आहे ते आपल्यापैकी एकानंही पाहिलेलं नव्हतं.

माझ्या सायकलवर आपण डबलसीट निघालो. तुम्ही चालवत होता, मी मागे. काळ्या मातीच्या वाटेवर चाकं रुतायची, मग उतरून ढकलायची. दुतर्फा वेचायला आलेला कापूस होता. तांड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घराच्या दारातच त्याची याडी बसली होती. तांड्यावर आईला याडी म्हणतात हे मला तिथंच कळलं. कोपरापासून वर दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, समोर निवडायला घेतलेली डाळ. आपल्याला पाहून ती उठली नाही.

"निजला हाये," ती म्हणाली. "कालपासून. उठवाचं नाही."

तुम्ही म्हणालात, "मावशी, फक्त एकदा—"

"उठवाचं नाही."

मग आपण दोघं तिथं लिंबाखाली बसलो. तिनं पाणी दिलं, नंतर काळा चहा दिला. आतून त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, इतका तो गाढ झोपला होता. तिकडे पुसदला मॅच सुरू होऊन संपलीही असेल. तुम्ही एकदा सूर्याकडे पाहिलंत आणि मान खाली घातलीत. बऱ्याच वेळानं ती डाळीवरची नजर न काढता म्हणाली, "तुमी दोघंबी त्याचं भलंच करून राह्यले. मले समजते. मंग पोट्टं असं वाळून काहून राह्यलं?"

तुम्ही उठून सायकलच्या चाकांतली माती काडीनं काढू लागलात. माझ्याकडे तर शिक्षणावर भाषण तयार असायचं, त्या वेळी मी पुढं होऊन तिच्या डाळीतले खडे वेचू लागलो.

दिवस मावळता मावळता गोविंद दारात आला. चेहऱ्यावर चटईचे वळ उठले होते. आपल्याला दोघांना एकत्र पाहून त्याला फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. उंबऱ्यावर बसला.

"आज म्याच होती ना," तो म्हणाला.

"होती," तुम्ही म्हणालात.

"अन् उद्या पेपर."

"हो," मी म्हणालो.

"शनवारी मी कपडे धुवाले म्हनून घरी आलतो. जेवलो अन् लवंडलो. मंग मायनं उठवलंच नाही." मग तो म्हणाला, "मले खेळाचंबी हाय गुर्जी, अन् शिकाचंबी हाय. सत्तारभाई, दोनी कराचं हाय मले. पन सारं एकाच दिवसात नाही होत."

इतक्या वर्षांत त्यानं आपल्यासमोर बोललेलं हे सगळ्यांत मोठं वाक्य होतं.

परत येताना आपण सायकल हातात धरून चालत आलो. अंधार पडत होता. गाव दिसायला लागल्यावर तुम्ही म्हणालात, "मास्तर, कमी तं कराव लागन."

"करायला हवं."

"मंग तुमी रात्रीचं बंद करा."

"तुम्ही पहाटेचं बंद करा."

आणि वेशीपर्यंत आपण पुन्हा भांडत आलो. पण ते भांडण वेगळं होतं. त्या दिवशी आपण पहिल्यांदा, आपण काय सोडायचं यावर भांडत होतो. तुम्ही दिवाळीपासून परीक्षेपर्यंतचं पहाटेचं पळवणं सोडलंत. मी रात्रीचा कंदील विझवला आणि उन्हाळ्यात त्याला पुस्तक दाखवायचं नाही असं कबूल केलं. तुमचं जास्त गेलं की माझं, याचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही.

सोमवारीही याडीनं त्याला तांड्यावरून सोडलं नाही, चाचणी बुडाली आणि त्याचं ते वर्ष गेलं. नागपूरचा माणूस चिडून निघून गेला. वर्षभरानं गोविंद मॅट्रिक झाला, तिसऱ्या श्रेणीत, आणि त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका गिरणीनं त्याला नागपूरला नेलं आणि तिथून मुंबईला. गाडीत बसताना तो तुमच्या पाया पडला, माझ्याही पडला. आधी कुणाच्या, यावरून आपण संध्याकाळी हॉटेलात वाद घातला.

ती वर्षं चांगली होती. तुम्हाला उर्दू वाचता येई, मराठी छापील वाचायचा कंटाळा यायचा. म्हणून रविवारी मी पेपर घेऊन यायचो आणि खेळाच्या पानावर कोपऱ्यात कुठं गोविंदच्या टीमचं नाव असलं तर मोठ्यानं वाचायचो. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. "राठोड यांनी डावीकडून सुरेख चाल केली," असं मी वाचलं, की म्हणायचात, "ह्या बातमीदारानं म्याच पाह्यलीच नाही. तो चाल करतच नाही, तो थांबते. समोरचा फसला का मंग निंघते." मला काही कळत नसे. पण मी ते वाक्य दोनदा वाचत असे.

मग त्या गिरणीनं टीम बंद केली. त्याचं काही चुकलं नव्हतं, पाय धड होता, वय होतं. कुणीतरी वरच्यानं ठरवलं, की खेळणाऱ्या कामगारांचा खर्च परवडत नाही. त्याला खात्यात, यंत्रावर काम करशील का विचारलं. तो नको म्हणून परत आला. मॅट्रिकच्या दाखल्यावर एसटीत कंडक्टर झाला, आता दिग्रस-पुसद मार्गावर असतो.

यावर आपण जितकं भांडलो तितकं कशावरच भांडलो नाही. मी म्हणायचो, "बघा, आज तो भाकर खातो ती मॅट्रिकची." तुम्ही म्हणायचात, "भाकर तं सारेच खाते, मास्तर. पन मुंबईची गोष्ट सांगताना त्याचं तोंड पाहा. ते मॅट्रिकनं आलं काय?" मी म्हणायचो, सगळ्या पोरांना गोविंदसारखी गिरणी मिळत नाही. तुम्ही म्हणायचात, सगळ्या मॅट्रिकवाल्यांनाबी एसटी मिळत नाही. हे असं वर्षानुवर्षं चाललं. गोविंद समोर बसलेला असे, चहा पीत, आणि आपण त्याच्याबद्दल तो नसल्यासारखं बोलत असू. सवय जात नाही.

खोकला तुम्हाला जुनाच होता. रेच्यांच्या दुरुस्तीत आयुष्य गेलं, रुईची धूळ छातीत बसली. या हिवाळ्यात तो वाढला. शेवटच्या आठवड्यात मी रोज यायचो. तुम्ही उशांना टेकून बसलेले असायचात आणि बोलायला दम पुरत नसला तरी विचारायचात, "कोन नवा हाय काय शाळेत? पळनारा?" मी म्हणायचो, आहे एक. खोटं नव्हतं ते, पळणारं एखादं पोरगं नेहमीच असतं.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला सांगितली नाही. हायस्कूल वाढलं आहे. वर्ग पडवीत भरतात, विज्ञानाला खोली नाही. नगरपालिकेला नव्या इमारतीला जागा हवी होती आणि सगळ्यांनी बोट ठेवलं ते जिनामागच्या आपल्या मैदानावर. जागा पहिल्यापासून नगरपालिकेचीच, जिनाची टीमही आता राहिली नाही, संध्याकाळी गावातली थोडी पोरं खेळतात तेवढीच. मला समितीवर घेतलं होतं. हे तुम्हाला सांगायला मी दोनदा आलो, आणि दोन्ही वेळा तुमची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. म्हटलं, बरं वाटलं की सांगू. तुम्ही ऐकलं असतं तर उठून बसला असता, आणि माझ्याशी असे भांडला असता, की कदाचित त्या रात्री जरा बरं झोपला असता. असं मला आता वाटतं.

परवा ती बैठक झाली. सगळ्यांनी माना हलवून संमती दिली होती. अध्यक्षांनी रीत म्हणून मला विचारलं, "मास्तर, तुमचं तर काही म्हणणं नसणारच."

मी उठलो. मला वाटतं, मी उठलो तेव्हा काय बोलणार ते मलाही ठाऊक नव्हतं. म्हटलं, शाळा हवीच. पण ती गुरांच्या बाजाराकडच्या जागेवर बांधा. लांब आहे, पोरांना चालावं लागेल, चालतील. मैदान बुजवलं तर पुन्हा होणार नाही. एक जण हसून म्हणाला, "मास्तर, शाळेला तुमचाच विरोध?" दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा मित्र गेला आहे, दुःखात बोलतो आहे. असेल तसंही. पण मी बसलो नाही. बराच वेळ बोललो, तुमच्या सगळ्या बाजू मांडल्या, आणि बोलता बोलता लक्षात आलं, की त्या मला तोंडपाठ आहेत.

गुरांच्या बाजाराकडची जागा ठरली. तुम्ही जिंकलात असं मात्र समजू नका. इमारत मोठी होणार आहे, प्रयोगशाळेसकट.

काल दुपारी गोविंद पुसदची गाडी लावून घरी आला, खाकी कपड्यांतच, तिकिटांची पेटी खांद्याला. त्याला बैठकीचं कळलं होतं. ओट्यावर बसून पाणी प्याला आणि म्हणाला, "मैदान ठेवलं ते चांगलं केलं गुर्जी. पन पोराईले शिकवन कोन?"

मी म्हटलं, "मला तर येत नाही."

"शनवारी मले सुटी असते. अन् ज्या दिवशी लवकर सुटलो त्या दिवशी संध्याकाळी." मग पेटी मांडीवर घेऊन तो तिच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. त्याला काही मागायचं होतं आणि माझ्यासमोर मागायची त्याला अजूनही सवय नाही. शेवटी म्हणाला, "माझी एक अट हाय. पोट्टा थकलेला दिसला तं मी त्याले घरी पाठवीन. मैदानातूनबी, अन् तुमच्या वर्गातूनबी. मले कोनी विचारू नये."

"वर्गातून? परीक्षेच्या दिवसांतसुद्धा?"

"परीक्षेच्या दिवसांत तं पहिले."

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं, सत्तारभाई. शिस्त, अभ्यासक्रम, पुन्हा न येणारं वर्ष. तुमच्या ओठांवरही आलं असतं. मॅच तोंडावर असताना गडी घरी पाठवायचा म्हणजे काय, असं तुम्ही म्हणाला असता. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. आपण दोघांनी जे कधी ठरवलं नाही ते हा ठरवून आला होता, आणि त्याला माझं मत नको होतं, नुसता होकार हवा होता.

मी "बरं" म्हणालो.

तो उठला, पेटी खांद्याला लावली, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेला. येत्या शनिवारी मी मैदानावर जाणार आहे. कडेला बसेन. बोलणार नाही.